ऑप्टिक न्यूरायटिस बॅक्टेरियामुळे झाला असेल तर स्टेरॉइड घ्यायचं का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांची बहीण, वय 31. उजव्या डोळ्याची नजर नऊ दिवसांपासून अंधूक झालीय, डोळा इकडेतिकडे फिरवला की आत खोल दुखतं, रंग फिके दिसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची (ऑप्टिक नर्व्हची) सूज, सांगितलंय आणि अ‍ॅडमिट करून शिरेतून स्टेरॉइड द्यायचं म्हणतायत. पण महिन्यापूर्वी तिची दाढ पिकली होती, रूट कॅनाल झालं. मॅन्टू, म्हणजे टीबीसाठी कातडीवर करतात ती टेस्ट, 16 मिलिमीटर म्हणजे पॉझिटिव्ह आलीय, सासूबाईंना पूर्वी टीबी होऊन गेलाय, त्यामुळे फॅमिली डॉक्टर म्हणतात आधी टीबीची औषधं चालू करा. शिवाय घरात मांजरीचं पिल्लू आहे आणि कोणीतरी सांगितलंय की मांजरामुळेही डोळ्याची नस सुजते. विचारणं असं आहे की बॅक्टेरिया असतील तर स्टेरॉइडने ते वाढणार नाहीत का, आणि मग आधी अँटिबायोटिक का देत नाहीत?

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, नसेचे पेशंट जास्त बघतो. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही त्यामुळे तिला नक्की काय झालंय ते मी सांगणार नाही, ते तिच्या डॉक्टरांचं काम. पण अशा वेळी आम्ही विचार कसा करतो ते सांगू शकतो आणि मला वाटतं तुम्हाला तेच हवंय.

बॅक्टेरियामुळे ऑप्टिक नर्व्हला सूज येऊ शकते का? येते. सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार), टीबी, मांजरीच्या ओरखड्यातून येणारा बार्टोनेला, सायनसमधलं पसरलेलं इन्फेक्शन, मेनिन्जायटिस, आपल्याकडच्या पावसाळी तापातले लेप्टो आणि स्क्रब टायफस, हे सगळे पुस्तकातही आहेत आणि प्रत्यक्षातही दिसतात. पण तुमच्यापुढे आत्ता हा प्रश्नच नाहीये. तुमच्यापुढचा प्रश्न असा की स्टेरॉइडची पहिली बाटली लावायच्या आधी, या डोळ्यात इन्फेक्शनचा संशय घ्यावा असं काही दिसतंय का, आणि ते किती लवकर कळेल. याचं उत्तर बरंचसं डोळ्याच्या आतच असतं, थोडं एमआरआयमध्ये, आणि दोनतीन स्वस्तातल्या रक्ताच्या टेस्टमध्ये. एक-दोन दिवसांत होतं हे सगळं.

नेहमीच्या ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये नसेत जंतू नसतातच. शरीराची प्रतिकारशक्तीच नसेच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर, उलटते. जंतूच नाहीत तर अँटिबायोटिक मारणार कोणाला, म्हणून देत नाहीत, एवढं साधं आहे. कधीकधी आधी ताप येऊन जातो, दोनतीन आठवडे बरे जातात आणि मग नजर जाते, लहान मुलांत तर हे बऱ्यापैकी दिसतं आणि बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत एकदम. तिथे सुरुवात इन्फेक्शनने झालेली असते हे खरं, पण नस सुजते तोवर जंतू गेलेला असतो आणि मागे राहते ती शरीराची चुकलेली प्रतिक्रिया. तिथेही उपाय स्टेरॉइडच.

तुम्ही लिहिलेलं चित्र, एक डोळा, वय विशी ते चाळिशी, बाई, काही दिवसांत नजर उतरलेली, डोळा फिरवताना दुखतंय, हे अगदी पाठ्यपुस्तकातलं आहे. अमेरिकेत 15 सेंटर्सनी मिळून 457 पेशंटवर ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायल केली होती, तिचे पहिले निष्कर्ष 1992 मध्ये आले, त्यात 92 टक्के लोकांना असं दुखत होतं. आणि अशा टिपिकल पेशंटमध्ये सिफिलिसची टेस्ट, छातीचा एक्स-रे, पाठीतलं पाणी काढणं यातून उपचार बदलेल असं फारसं काही हाती लागत नाही असंही त्यांना दिसलं. तरी मी सिफिलिसची टेस्ट आणि एक्स-रे सोडत नाही. ते पेशंट अमेरिकेतले होते, आपल्याकडे टीबी घराघरात आहे, आणि सिफिलिस चुकला तर नुकसान टेस्टच्या खर्चाच्या मानाने फारच मोठं होतं.

आता इन्फेक्शनचा संशय मला कधी येतो ते सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारं औषध घालून आत बघितलं असेलच. टिपिकल केसमध्ये तीनातल्या दोघांची नस पुढून अगदी नॉर्मल दिसते, कारण सूज डोळ्याच्या मागे असते. म्हणजे पेशंटला दिसत नाही आणि डॉक्टरलाही आत काही दिसत नाही! पकडतो आम्ही ते टॉर्चने. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या लहान होतात, मग टॉर्च झटकन आजारी डोळ्यावर नेला की ती बाहुली लहान राहायच्या ऐवजी मोठी व्हायला लागते. दुसरी गंमत म्हणजे बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं झाकण लाल असतं, तेच मी पेशंटपुढे धरतो आणि एकेक डोळा झाकून विचारतो, लाल किती लाल दिसतं? चांगल्या डोळ्याला लालभडक आणि आजारी डोळ्याला मळकट गुलाबी, असं उत्तर आलं की नसेचा मामला आहे हे जवळपास ठरलं. एका आजींनी तर सांगितलं होतं, हे झाकण धुऊन धुऊन विटलंय. हे तुम्ही घरीही करून बघू शकता, फक्त निदान करायला म्हणून नको, सुधारणा होतेय का ते बघायला करा.

इन्फेक्शनवाला डोळा सहसा वेगळा दिसतो. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर, डोळ्याच्या आतल्या जेलीत, म्हणजे व्हिट्रियसमध्ये, बारीक पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. नेहमीच्या न्यूरायटिसमध्ये या जवळपास नसतात, असल्या तर अगदी तुरळक. नस पुढूनच भरपूर सुजलेली असते, आजूबाजूला रक्तस्राव असतो, रेटिनाच्या रक्तवाहिन्यांना पांढरट आवरण आलेलं असतं, पडद्याखाली पिवळट गाठ असते. आणि दुखणं बऱ्याचदा नसतंच, किंवा उलट टोकाला, डोळा न फिरवताही रात्रभर झोपू देत नाही इतकं असतं. शिवाय पेशंट म्हणून माणूस आजारी दिसतो, बारीक ताप, वजन उतरलेलं, अंगावर पुरळ, कुठेतरी गाठ, डोकं दुखतंय, मान आखडलीय. हे काहीच नसेल आणि जेली स्वच्छ असेल तर बॅक्टेरिया माझ्या यादीत बराच खाली जातो. तुमच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा, जेलीत पेशी आहेत का.

मांजरीचं आधी बोलू कारण ते तुम्ही शेवटी लिहिलंय आणि बहुतेकांना ते हास्यास्पद वाटतं. हास्यास्पद नाहीये. बार्टोनेला हेन्सेली नावाचा बॅक्टेरिया मांजरींच्या पिसवांमधून मांजरीत येतो, पिल्लांत जास्त, आणि पिल्लाने ओरखडलं किंवा चावलं की माणसात. ओरखड्याच्या जागी फोड, मग काखेत किंवा कोपराजवळ गाठ, थोडा ताप, आणि काही लोकांत एका डोळ्याची नस सुजते. पण याची नस पुढून सुजलेली असते, दुखत फारसं नाही, आणि एक खूण अशी की आठवडा-दोन आठवड्यांनी नजरेच्या मधोमध, मॅक्युलामध्ये, पिवळ्या रेघांची चांदणी उमटते. सुजलेल्या नसेच्या रक्तवाहिन्यांतून स्निग्ध द्रव झिरपतो आणि तिथल्या तंतूंच्या रचनेमुळे तो चांदणीच्या आकारात साचतो. याला न्यूरोरेटिनायटिस म्हणतात. अडचण अशी की पहिल्या दिवशी चांदणी नसते, म्हणून नस सुजलेली दिसली तर मी पेशंटला आठदहा दिवसांनी परत बाहुली मोठी करून बघतो म्हणजे बघतोच, पेशंट कुरकुरतात की परत तेच थेंब, दिवसभर उजेड सहन होत नाही, पण तरीही.

कॉलेजमधला एक मुलगा आला होता, डाव्या डोळ्यासमोर मधोमध राखाडी डाग, नस सुजलेली, बाकी काही नाही. ताप येऊन गेला का तर म्हणे आला होता, व्हायरल होता. हात बघितले तर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक रेघोट्या, काही सुकलेल्या, काही ताज्या. विचारलं तर लाजत म्हणाला हॉस्टेलवर पिल्लू पाळलंय, रेक्टरना माहीत नाही. काखेत सुपारीएवढी गाठ होती ती त्याने कोणालाच दाखवली नव्हती. पुढच्या आठवड्यात चांदणी आली. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन आणि बरोबर रिफाम्पिसिन, चार ते सहा आठवडे, असं सहसा देतात, गरोदर बाईला डॉक्सी चालत नाही. बरेच लोक यातून आपोआपही सुधारतात. आणि चांगली गोष्ट म्हणजे चांदणीवाल्या पेशंटला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मणक्यातल्या नसांचं मायलिन बिघडवणारा आजार, नेहमीच्या न्यूरायटिसनंतर काहींना होतो) व्हायचा धोका वाढत नाही. एक इशारा मात्र, दोन्ही डोळ्यांत नस सुजलेली आणि चांदणी असेल तर मांजर शोधायच्या आधी बीपी मोजा, खूप चढलेल्या बीपीमध्ये हुबेहूब असंच दिसतं.

तुमच्या बहिणीला डोळा फिरवताना दुखतंय आणि तुम्ही नस पुढून सुजलेली आहे असं कुठे लिहिलेलं नाही. मग नुसतं पिल्लू घरात आहे यावरून मी बार्टोनेला म्हणणार नाही. नुसतं मांजर असणं हा पुरावा धरला तर कोकणात घरटी न्यूरायटिस सापडेल.

सिफिलिसबद्दल लोकांना बोलायचं नसतं आणि म्हणूनच मी बोलतो. डोळ्यातला सिफिलिस कशाचंही सोंग घेतो, ऑप्टिक न्यूरायटिसचंही, आणि आजाराच्या कुठल्याही टप्प्यात येतो. टेस्ट दोन लागतात, व्हीडीआरएल आणि टीपीएचए. नुसती व्हीडीआरएल निगेटिव्ह आली म्हणून सोडून चालत नाही, जुन्या सिफिलिसमध्ये ती निगेटिव्ह होऊ शकते, आणि उलट अँटीबॉडी खूपच जास्त असतील तर रक्त पातळ केल्याशिवाय चुकीची निगेटिव्ह येते. पॉझिटिव्ह आली तर बरोबर एचआयव्हीची टेस्ट, आणि उपचार मेंदूच्या सिफिलिससारखा, पेनिसिलिन शिरेतून रोज 1.8 ते 2.4 कोटी युनिट, 10 ते 14 दिवस. कमरेत एक इंजेक्शन मारून भागत नाही. याच आजाराचा मला सगळ्यात जास्त धाक वाटतो कारण नुसतं स्टेरॉइड दिलं तर चार दिवस बरं वाटतं, नजरही थोडी येते, आणि मग दुप्पट वेगाने जाते. पण तो पूर्ण बरा होणारा आजार आहे, ओळखला तर.

नवरे लोक या टेस्टवरून चिडतात, माझ्या बायकोची ही टेस्ट का केली म्हणून एकदा ओपीडीत मोठाच आवाज झाला होता. त्यांना मी सांगतो की तुमची बायको गरोदर असताना हीच टेस्ट झालेली आहे, सगळ्याच गरोदर बायकांची करतात, तेव्हा तुम्ही कागद वाचला नव्हता इतकंच.

आता टीबी. यावर मी थोडा लांब लिहिणार आहे कारण तुमच्या घरात खरा वाद तिथेच आहे.

देशभरात 2019 ते 2021 मध्ये टीबीचा जो सर्व्हे झाला त्यात 15 वर्षांवरच्या लोकांत साधारण दहातल्या तिघांच्या शरीरात टीबीचं इन्फेक्शन झाल्याची खूण सापडली. यातले बहुतेक लोक ठणठणीत आहेत आणि आयुष्यभर राहतील. मॅन्टू म्हणजे जुनं रेशनकार्ड, तुम्ही या गावात राहिलात एवढं त्यावरून कळतं, आज घरात काय शिजतंय ते नाही कळत. सासूबाईंना टीबी होऊन गेलेल्या घरात 16 मिलिमीटर येणं हे अपेक्षितच आहे. क्वांटिफेरॉन ही टीबीची रक्ताची टेस्ट केली तरी तीही हेच सांगेल, फक्त जास्त पैसे घेऊन. म्हणून मॅन्टू पॉझिटिव्ह आणि नस सुजलेली, म्हणजे नसेचा टीबी, ही बेरीज मला मान्य नाही.

डोळ्यातला टीबी खरोखर असतो तेव्हा तो काहीतरी खूण ठेवतो. पडद्याखाली गाठ, रेटिनाच्या शिरांची सूज, जेलीत पेशी, नसेवरच फुगीर पांढरट गोळा. किंवा मेंदूच्या आवरणाचा टीबी असतो आणि दोन्ही नसा जिथे एकत्र येतात तिथे चिकट थर जमून नजर जाते, पण तो पेशंट आठवडेच्या आठवडे डोकेदुखी, ताप, उलट्या घेऊन आलेला असतो, स्वतः चालत येऊन लाल झाकण ओळखत बसत नाही. अशी खूण असेल, छातीच्या एक्स-रेत किंवा सीटीत काही असेल, तर मी स्वतः छातीच्या डॉक्टरांना फोन करून टीबीची औषधं चालू करायला सांगतो आणि स्टेरॉइड त्याच्या आडोशाने देतो, आधी नाही.

पण खूण नसताना नुसतं कशाला विषाची परीक्षा म्हणून सहा महिन्यांचा कोर्स चालू करणं यात दोन गोच्या आहेत. पहिली एथाम्ब्युटॉल. आपल्या सरकारी कार्यक्रमात हे औषध पूर्ण सहा महिने असतं आणि ते स्वतः ऑप्टिक नर्व्हला त्रास देऊ शकतं, डोसवर अवलंबून, सहसा दोनेक महिन्यांनंतर, दोन्ही डोळ्यांत, न दुखता, लाल-हिरव्यातला फरक आधी जातो. ज्या नसेला आधीच मार बसलाय तिच्यावर तेच औषध, आणि मग तिसऱ्या महिन्यात नजर परत कमी झाली तर आजार परतला की औषध बाधलं, हे ओळखायला आमचीच दमछाक होते. ज्यांना खरोखर टीबी आहे त्यांनी हे वाचून औषध बंद करू नका! गरज असेल तेव्हा ते घ्यायचंच, फक्त दर महिन्याला नजर आणि रंग तपासून.

दुसरी गोची जास्त फसवी आहे. नेहमीचा ऑप्टिक न्यूरायटिस दोनतीन आठवड्यांनी आपोआप सुधारायला लागतो, काहीही न देता. त्या ट्रायलमध्ये ज्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या होत्या त्यांचीही नजर वर्षभरात बहुतेक छान आली होती. आता समजा नवव्या दिवशी टीबीची औषधं चालू केली, आणि विसाव्या दिवसाच्या आसपास नजर यायला लागली. घरात पेढे वाटले जातात, फॅमिली डॉक्टर म्हणतात बघा टीबीच होता. दाढेसाठी अँटिबायोटिक दिलं असतं तर दाढेला श्रेय गेलं असतं, आणि कोणी नाकात तूप सोडलं असतं तर तुपाला. औषधाने गुण आला म्हणून निदान बरोबर, हे या एका आजारात कधीच धरायचं नाही. मी असे पेशंट बघितलेत ज्यांना सहा महिने टीबीची औषधं झाली, सगळे निर्धास्त, आणि मग दुसरा डोळा गेला, तेव्हा अ‍ॅक्वापोरिन अँटीबॉडी पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे प्रतिकारशक्तीच नसेवर उलटणारा एक वेगळा, जास्त जोराचा आजार. मधला सगळा वेळ खरा आजार तसाच होता.

म्हणून मॅन्टूचा कागद फेकून द्यायचा का? तर नाही. पुढे कधी तिला महिनोन्‌महिने स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची वेळ आली तर हाच 16 मिलिमीटर महत्त्वाचा होतो, तेव्हा झोपलेला टीबी उठू नये म्हणून प्रतिबंधक औषधाचा विचार करावा लागतो. फाइलमध्ये ठेवा.

दाढेचं पटकन. शंभरेक वर्षांपूर्वी असा सिद्धांत जोरात होता की दात, टॉन्सिल, सायनस यातल्या लपलेल्या जंतूंमुळे दूरचे अवयव सुजतात, आणि ऑप्टिक न्यूरायटिससाठी लोकांचे चांगले दात काढले जायचे, सायनसची ऑपरेशनं व्हायची. काहींची नजर आलीही, वर सांगितलेल्या त्याच कारणाने. आज आम्ही असं मानतो की वरच्या दाढेतून इन्फेक्शन गालाच्या सायनसमध्ये आणि तिथून डोळ्याच्या खोबणीत जाऊ शकतं, पण तेव्हा डोळा लाल होतो, सुजतो, बाहेर येतो, ताप भरतो, डोळा हलत नाही, शेजारीपाजारीही बघून सांगतील की इन्फेक्शन आहे. रूट कॅनाल होऊन सगळं शांत झालंय आणि महिन्याने पांढऱ्याशुभ्र डोळ्याची नजर जाते, तर दाढ सुटली.

फक्त एक सायनस लबाड आहे, स्फीनॉइड. तो नसेला अगदी खेटून असतो, मध्ये कागदासारखं हाड. तिथे पू किंवा बुरशी साचली तर बाहेरून काहीच दिसत नाही, नाकही वाहत नाही, फक्त डोळ्यामागे सतत ठसठस आणि नजर कमी. तुमच्या बहिणीला डायबिटीस आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. डायबिटीस असेल तर एमआरआय बघितल्याशिवाय स्टेरॉइडला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे, कोविडनंतर 2021 मध्ये म्युकरने काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ती बुरशी होती, बॅक्टेरिया नाही, पण स्टेरॉइडचं खतपाणी तिला भरपूर मिळालं होतं. डबल दिसणं, पापणी पडणं, गाल किंवा कपाळ बधिर होणं, यातलं काहीही असेल तर हा निव्वळ न्यूरायटिस नाही.

लेप्टो आणि स्क्रब टायफसचं एवढंच की पावसाळ्यात शेतात, पाण्यात, गवतात काम केलंय आणि तापाने आडवी झालेली असेल तर सांगा. कोकणात लेप्टो आणि विदर्भात स्क्रब टायफस हे आम्हाला नवीन नाहीत. तुमच्या वर्णनात ताप नाही म्हणून पुढे जातो.

आता मूळ भीती, स्टेरॉइडने वाढेल का. सिफिलिस, सायनसमधला पू किंवा बुरशी, मेंदूचा टीबी, यांत आडोशाचं औषध न देता स्टेरॉइड दिलं तर वाढू शकतं, भीती खोटी नाही. पण हे तिन्ही बाजूला काढायला किती वेळ लागतो बघा. व्हीडीआरएल, टीपीएचए, एचआयव्ही, साखर, सीबीसी, ईएसआर आणि छातीचा एक्स-रे सकाळी दिलं तर बहुतेक शहरात संध्याकाळपर्यंत हातात असतं. एमआरआय त्याच दिवशी किंवा दुसऱ्या. यात एक काळजी घ्या, नुसता मेंदूचा एमआरआय करून आणू नका. मेंदू आणि ऑर्बिट (डोळ्याची खोबण), कॉन्ट्रास्ट देऊन, फॅट सप्रेशनसह असं चिठ्ठीवर लिहून घ्या. नसेभोवती चरबी असते, ती फोटोत पांढरी दिसते आणि तिच्यात सुजलेली नस लपते, चरबी दाबल्याशिवाय कळत नाही. नसेचा किती लांबीचा भाग सुजलाय, मागे जिथे दोन्ही नसा मिळतात तिथपर्यंत गेलाय का, आवरण सुजलंय का, स्फीनॉइडमध्ये काय आहे, सगळं त्यातच दिसतं. पैसे दोनदा जाण्यापेक्षा एकदा नीट.

अ‍ॅक्वापोरिन आणि मॉग या दोन अँटीबॉडींचं (प्रत्येकीचा नसेवर उलटणारा वेगळा आजार आहे) रक्त स्टेरॉइड चालू व्हायच्या आधी काढून ठेवा, रिपोर्टला काही दिवस लागतात पण त्याची वाट बघत बसायचं नसतं. आपल्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिस युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आहे आणि हे दोन अँटीबॉडीवाले आजार दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, म्हणून मी अमेरिकन ट्रायलकडे बघून निवांत बसत नाही. त्या ट्रायलचं म्हणणं असं होतं की शिरेतून स्टेरॉइड दिलं तर नजर लवकर येते, पण वर्षाच्या शेवटी न दिलेल्यांइतकीच असते. ते त्यांच्या पेशंटसाठी खरं. अ‍ॅक्वापोरिनवाल्या आजारात मात्र उशीर केला तर नजर कायमची जाते, आणि तिला कुठला आहे ते आज माहीत नाही. त्यामुळे वरचे रिपोर्ट स्वच्छ, जेली स्वच्छ, एमआरआयमध्ये सायनस स्वच्छ असतील तर माझी बहीण असती तरी मी मिथाइलप्रेडनिसोलोन रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस, चालू केलं असतं, साखर आणि बीपी बघत. मॅन्टू 16 असतानाही. तीनपाच दिवसांच्या स्टेरॉइडने झोपलेला टीबी उठतो अशी भीती मला वाटत नाही, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्यांची वाटते.

आणि अ‍ॅडमिट नको म्हणून सलाईन टाळून नुसत्या गोळ्या मागू नका. त्याच ट्रायलमध्ये किलोला एक मिलिग्रॅमच्या गोळ्या नुसत्याच दिलेल्या गटात आजार परत येण्याचं प्रमाण वाढलं होतं, हा त्या ट्रायलचा सगळ्यात अनपेक्षित निकाल.

थोडक्यात तुमच्या केसमध्ये: दाढ सोडा, मांजर नस पुढून सुजलेली असेल तरच धरा, मॅन्टू फाइलला लावा, सिफिलिसच्या दोन टेस्ट आणि नीट एमआरआय आजउद्या करून घ्या, अँटीबॉडींचं रक्त काढा, आणि मग तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं ऐका. फॅमिली डॉक्टरांशी भांडू नका, त्यांना फक्त विचारा की डोळ्यात टीबीची कुठली खूण दिसलीय, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलून घ्यायला सांगा. दोन डॉक्टर आपसात पाच मिनिटं बोलले तर घरातले दोन दिवसांचे वाद वाचतात.

हे सगळं कधी बदलेल? दोन आठवडे उलटूनही नजर खालीच जात असेल, महिन्याभरात काहीच सुधारणा नसेल, स्टेरॉइड थांबवलं की लगेच परत जात असेल, किंवा दुसरा डोळा सुरू झाला, तर इन्फेक्शनसकट सगळी यादी परत पहिल्यापासून काढायची, तेव्हा पाठीतलं पाणीही तपासायचं, आणि जेलीत पेशी आहेत का ते परत बघायचं. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर किंवा उन्हातून आल्यावर नजर थोडा वेळ अंधारून आली आणि अर्ध्या तासात परत आली तर ते यात धरू नका, बऱ्या होत चाललेल्या नसेत असं होतं, इन्फेक्शन परतलं म्हणून रात्री दोनला कॅज्युअल्टीत जायची गरज नाही.

उलट, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलट्या, पायात बधिरपणा, लघवी अडकणं, यातलं काही झालं तर लगेच निघा. उचकी-उलट्यांना लोक पोटाचं इन्फेक्शन समजतात आणि तिथेही अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेत बसतात, पण ऑप्टिक न्यूरायटिस झालेल्या माणसात ती अ‍ॅक्वापोरिनवाल्या आजाराची खूण असू शकते. कॅज्युअल्टीत जे डॉक्टर बघतील त्यांना डोळ्याचं तुम्ही स्वतःहून सांगा, ते पोटाच्या पेशंटला नजरेबद्दल विचारतीलच असं नाही.